बाळाच्या आंघोळीचं पाणी : विसण आधी की कढत आधी?

तिखटमीठ

बरेच महिने इथे नुसती वाचनमात्र होते. आज लिहायला बसलेय, कारण गेल्या महिन्यात आमच्या लेकाचा (वय १४ महिने) उजवा हात कोपरापर्यंत पोळला, आणि छातीवर तळहाताएवढा चट्टा. आता बरा आहे. नवी गुलाबी कातडी आलीये, म्हणून जरा शांतपणे लिहू शकतेय.

प्रसंग अगदी साधा. सकाळी पावणेनऊ. नवऱ्याचा लॅपटॉप उघडलेला, माझी बस नऊ वीसची, सासूबाई देवापुढे. मी गीझरचा नळ सोडून बादली निम्मी भरली. नेहमीसारखीच, आधी कढत, मग विसण. आमच्याकडे सकाळी गार नळाला करंगळीएवढी धार असते, त्यामुळे विसणाला वेळ लागतो. लेक न्हाणीच्या उंबऱ्याशी बसून स्टीलचा तांब्या फरशीवर आपटत होता. टॉवेल बाहेर दोरीवर राहिला म्हणून मी उठले. न्हाणी ते दोरी आठ पावलं. नंतर मोजली.

मागे आपटण्याचा आवाज थांबला आणि 'डुबुक' झालं. लगेच रडणं नाही. आधी एक लांबलचक आत ओढलेला श्वास, आणि मग रडणं. तांब्या बादलीत पडला होता आणि तो काढायला त्याने हात घातला होता.

अंगात लांब बाह्यांचं लोकरीचं झबलं. मी काय केलं, तर त्याला उचलून छातीशी घट्ट धरलं. लोकर कढत पाणी पिऊन बसली होती, ते मी दाबून दाबून त्याच्या अंगाला लावत होते हे दवाखान्यात कळलं. शेजारच्या काकूंनी धावत येऊन टूथपेस्ट लावली, तीही डॉक्टरांना आधी पुसून काढावी लागली. तो पुसतानाचा आवाज मी इथे लिहीत नाही.

तर प्रश्न असा. आमच्या घरात तीन पिढ्या आधी कढत, मग विसण. शब्दच बघा ना. विसण म्हणजे कढत पाण्यात घालायचं गार पाणी. कढत आधीच बादलीत आहे, हे त्या शब्दाच्या पोटातच बसलंय! मी आता उलटं सुरू केलंय : आधी गार, त्यात कढत. सासूबाईंना ते पटत नाहीये. तुमच्याकडे कसं करता? आणि न्हाणीत आणखी काय काय बदललंत?

---

पंचगंगा

बापरे. लेकरू बरं आहे हे वाचून जीव भांड्यात पडला.

विसणाचं मात्र बरोबर पकडलंत. आमच्या कोल्हापूरच्या घरी अजून तांब्याचा बंब आहे. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी : मधल्या नळकांड्यात विस्तव, भोवती पाणी, आणि आमच्या बंबाला खाली नळच नाही. वरच्या नरसाळ्यातून तांब्याभर गार ओतलं की तोटीतून तांब्याभर कढत बाहेर पडतं. म्हणजे घंगाळात पहिल्यांदा पडणार ते कढतच. घंगाळ भरलं की आजी हाक मारायची, 'विसण आण गं कुणीतरी.' ते 'कुणीतरी' येईपर्यंत वाफा निघणारं घंगाळ आणि आम्ही चार उघडी पोरं एकाच न्हाणीत.

चुलतभावाच्या पाठीवर अजून डाग आहे. घरात त्याला 'बंबाचा शिक्का' म्हणतात आणि सगळे हसतात. तुमचं वाचल्यावर आज पहिल्यांदा वाटलं, ह्यात हसण्यासारखं काय आहे.

---

रोखठोक_पुणेकर

राग मानू नका, पण एवढ्या लहान मुलाला कढत पाण्याजवळ सोडून उठलातच कशाला? टॉवेल आधी घ्यायला नको? बाकी गार आधी का गरम आधी हा शब्दच्छल आहे.

---

तिखटमीठ

@रोखठोक_पुणेकर, राग नाही. हा प्रश्न मी स्वतःला रोज दुपारी साधारण तीनच्या सुमारास विचारते. टॉवेल आधी घ्यायला हवा होता. पण त्या दिवशी बादलीत आधी गार पाणी असतं, तर तांब्या गार पाण्यात पडला असता.

---

पांढरा_अ‍ॅप्रन

तिखटमीठ, मी भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात सिस्टर म्हणून बरीच वर्षं काम केलंय. लहान मुलांत कढत पाणी, चहा, वरण, दूध यांनी पोळलेलीच जास्त येतात. विस्तवाने भाजलेली त्यामानाने कमी. आणि बरोबर जी आई असते ती हुबेहूब तुमच्यासारखी असते. निष्काळजी बाई मला क्वचितच दिसली. दिसते ती घाईतली बाई.

वय ९ महिने ते दोन-अडीच वर्षं हे सगळ्यात वाईट. बाळ धरून उभं राहायला लागलं की बादलीचा काठ नेमका त्याच्या छातीला येतो. डोकं जड, काठावर ओणवं झालं की तोल पुढे जातो. गार पाण्याच्या बादलीतसुद्धा मुलं बुडतात ती अशीच. कढत असेल तर काय ते सांगायला नको. दुसरा प्रकार म्हणजे मागे मागे सरकत येऊन बुडावर बादलीत, टपात किंवा पातेल्यात बसणं. त्यात पोळतं ते ढुंगण, मांड्या आणि लघवीची जागा, आणि ते बरं व्हायला फार त्रासाचं.

प्रथमोपचार एकदाच नीट लिहिते, इथून प्रत करून स्वयंपाकघरात चिकटवा.

पहिलं, कपडे काढा. लगेच. झबलं, लंगोट, डायपर, सगळं. डायपर तर पाणी धरून ठेवायलाच बनवलेला असतो. हातातले वाळे-मनगट्या, पायातले तोडे, कमरेचा करगोटा हेही काढा, कारण नंतर सूज येते आणि ते रुततात. कापड कातडीला चिकटलं असेल तर ओढू नका, भोवतीने कापा.

दुसरं, पोळलेल्या भागावर नळाचं साधं पाणी हळू धारेने २० मिनिटं. घड्याळ लावून वीस. घाबरलेल्या माणसाला दोन मिनिटं वीस वाटतात. तेवढ्यात दुसऱ्या माणसाने गाडी बघावी किंवा १०८ ला फोन करावा. सुरुवातीला जमलं नसेल तरी तीन तासांच्या आत केलं तर उपयोग होतो. बर्फ नको, फ्रिजचं पाणी नको. पोळलेली जागा गार आणि बाकीचं बाळ उबदार, हे लक्षात ठेवा. तान्ही मुलं चटकन गारठतात, म्हणून उरलेलं अंग कोरड्या दुपट्यात गुंडाळा, आणि फार मोठा भाग पोळला असेल तर हुडहुडी भरेपर्यंत पाणी ओतत बसू नका.

तिसरं, वर झाकायला स्वयंपाकघरातली पारदर्शक प्लास्टिकची क्लिंग फिल्म सैलसर पसरा (गुंडाळून आवळू नका, चेहऱ्यावर तर अजिबात नको) किंवा स्वच्छ धुतलेलं मऊ सुती कापड. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप, बटाट्याचा कीस, अंडं, कोरफड यातलं काही नको. फोड फोडू नका.

दवाखान्यात कधी न्यायचं? बाळाच्या स्वतःच्या तळहातापेक्षा (बोटांसकट) मोठा भाग असेल तर. तोंड, हात, पाय, सांधा, लघवीची जागा असेल तर कितीही लहान असो. एक वर्षाच्या आतलं मूल असेल तर नेहमीच. पोळलेली जागा पांढरी दिसतेय आणि बाळ तिथे हात लावू देतंय, म्हणून 'दुखत नाहीये' असं समजू नका. ती खोल जखम असते.

---

दुष्काळी_माणूस

सिस्टर, वीस मिनिटं धार हे वाचायला बरं आहे. आमच्याकडे नळ चार दिवसांनी एकदा येतो. मग?

---

पांढरा_अ‍ॅप्रन

पिंपातलं पाणी, तांब्याने सावकाश. खाली स्वच्छ घमेलं ठेवा, तेच पाणी पुन्हा वापरलं तरी त्या घटकेला चालेल. तेही नसेल तर स्वच्छ ओला पंचा ठेवा आणि दर दोन मिनिटांनी बदला. एक-दोन बादल्या जातील, जाऊ द्या.

---

आजी६८

मी आजी आहे आणि मी आजींच्या बाजूने बोलणार. आम्ही पाच मुलं वाढवली, अंश-बिंश कुणाला ठाऊक होते? पाटावर बसून पाय लांब करायचे, पायावर बाळ, तेल जिरवायचं आणि सोसेल तेवढ्या ऊन पाण्याने शेकून काढायचं. बाळ लालबुंद होऊन निजायचं ते तीन तास. तुमची आजची मुलं कोमट पाण्यात बुचकळून काढता आणि मग रात्रभर जागता!

तरी एक सांगते. माझ्या दुसऱ्या बाळंतपणात न्हाऊ घालायला ज्या बाई यायच्या त्यांचे हात आयुष्यभर धुणी-भांडी करून घट्टे पडलेले. त्यांना जे 'सोसवतं' ते मला बाळंतिणीला सोसवायचं नाही. मी एकदा मोठ्याने ओरडलेसुद्धा. बाळ बिचारं काय सांगणार? ते तर रोजच रडायचं, सगळे म्हणायचे फुफ्फुसं मजबूत होतात.

लिहिता लिहिता माझंच मला कसंसं झालं. असो.

---

नवाकोरा_बाबा

आमची तीन महिन्यांची आहे आणि न्हाऊ घालायला मावशी येतात. आजींचं वाचून आता उद्या काय बोलायचं ते कळेना. किती तापमान बरोबर? आणि मोजायचं कसं?

---

पांढरा_अ‍ॅप्रन

३७ ते ३८ अंश. म्हणजे आपल्या अंगाएवढंच. पाणी हाताने ढवळून मग कोपर बुडवा किंवा मनगटाची आतली बाजू, बोटं नकोत. कोपराला ऊनही नाही, गारही नाही असं लागलं की झालं. आपल्याला 'आहा, छान गरम' वाटलं तर ते बाळाला जास्त आहे. ढवळणं विसरू नका, बादलीत वरचं पाणी तापलेलं आणि तळाचं गार असं हमखास असतं.

मावशींना 'तुम्ही चुकता' म्हणू नका. 'डॉक्टरांनी सांगितलंय' म्हणा. आम्ही डॉक्टर लोक शिव्या खायलाच आहोत. (मी डॉक्टर नाही, पण खाते.) आणि पाण्याची तयारी तुम्ही करा, त्यांच्या हाती तयार बादली द्या. कढत पाण्याचं वेगळं भांडं त्यांच्या शेजारी ठेवूच नका. बाळ पायावर असताना 'थोडं ऊन घालते हं' म्हणून जे वरून ओतलं जातं, तिथेच घात होतो.

---

वायरमन

धागा बायकोने दाखवला. माझा धंदा गीझर बसवायचा-दुरुस्तीचा, म्हणून चार ओळी.

लोकांना वाटतं गीझर म्हणजे चालू नाहीतर बंद. आत थर्मोस्टॅट असतो राव! टाकीवाल्या गीझरला बरेचदा बाहेरच गोल खटका असतो, साधारण ७५ अंशांपर्यंत जातो. मी ज्या घरी जातो तिथे तो शेवटपर्यंत पिळलेला. विचारलं तर म्हणतात, 'पाणी पुरत नाही.' तो ५० च्या आसपास आणा. बाहेर खटका नसेल तर खालच्या झाकणाच्या आत स्क्रू असतो, पण ते मेन बंद करून जाणकाराकडूनच करून घ्या.

'पुरत नाही'चा हिशोब करू. टाकी १५ लिटर, नळाचं पाणी २५ अंश, आंघोळीला हवं ३८. गीझर ६० ला असेल तर मिसळून ४० लिटर होतं. ५० ला ठेवला तर २९ लिटर. म्हणजे दीड बादली तरीही मिळते. बाळाला किती लागतं? अर्धी. २ किलोवॅटच्या कॉइलला ६० गाठायला १८-२० मिनिटं लागतात, ५० ला १३-१४. वीजही वाचली.

तीन लिटरचे छोटे इन्स्टंट गीझर असतात त्यांना बहुतेक वेळा खटका नसतो. त्यात धार बारीक केली की पाणी जास्त तापतं, गॅस गीझरचंही तसंच. लोक उलटं करतात. पाणी फार गरम आलं म्हणून नळ थोडा बंद करतात, आणि ते अजून तापतं. (गॅस गीझर बंद न्हाणीत बसवू नका. त्या विषारी वायूचा विषय वेगळा आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

एकदांडी मिक्सर असेल तर मुलाला कढत बाजूला उचलता येतो. बंद करताना दांडी नेहमी गार बाजूला फिरवून मग बंद करा. दोन नळ असतील तर कढत शेवटी सोडायचा आणि आधी बंद करायचा, गार मागून बंद. तोटीत राहिलेलं पाणीही मग गार राहतं.

आणि ते रॉड! १५०० वॅटचा रॉड १८ लिटरची बादली अर्ध्या तासात साठी पार नेतो, आणि त्याला थांबवणारं काही नाही. फोन आला, विसरलं, की पाणी उकळायला लागतं. वायर लोंबकळत असते, मूल ओढतं, बादली अंगावर. वर शॉक. रॉड लावलेली खोली बाहेरून कडी लावून बंद, दुसरा उपाय नाही. पाण्याला हात लावायच्या आधी प्लग काढायचा, नुसतं बटण नाही.

---

उन्हाची_तिरीप

वायरमनदादा, सोलरचं काय? आमच्या सोसायटीत गच्चीवर सोलर आहे. सगळे म्हणतात सूर्याचं पाणी सौम्य असतं. मे महिन्यात दुपारी नळ सोडला तर चहा टाकावा असं येतं.

आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर. नळ सोडला की पहिली दीड बादली गारच येते, पाइपातलं साचलेलं. मग कोमट होतं. हात लावून बघितलं, छान आहे, म्हणून बादली खाली ठेवून मी मुलीचे कपडे काढायला वळले, आणि तेवढ्यात गच्चीवरचं खरं पाणी पोचलं. वरच्या थरातून वाफ दिसली म्हणून वाचलो.

---

वायरमन

अगदी हेच. सोलरच्या टाकीला थर्मोस्टॅट नाही, सूर्याला खटका नाही. दुपारी-संध्याकाळी ७०-८० अंश सहज. त्याला उपाय म्हणजे मिक्सिंग झडप. गरम-गार दोन्ही लाइनी त्यात जातात आणि बाहेर ठरलेल्या तापमानाचंच येतं. गार पाणी अचानक बंद झालं तर चांगली झडप गरमही तोडते. आपल्याकडे मोठ्या हॉटेलांत दिसते, घरात कुणी विचारत नाही. ती बसवेपर्यंत एकच करा : नळ वाहता असताना पाण्याची परीक्षा करू नका. नळ बंद, पाणी ढवळलं, मग कोपर.

---

मेलबर्नकर

इथे ऑस्ट्रेलियात ती झडप जवळपास घरोघरी आहे, कारण नियमच आहे. नव्या न्हाणीघरांत नळातून ५० अंशांपेक्षा जास्त गरम पाणी येता कामा नये, पाळणाघरं, शाळा आणि वृद्धाश्रमांत ४५. टाकीत मात्र ६० च्या वर ठेवायचं, कारण साचलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात. म्हणजे टाकीत गरम, नळात नरम. (वायरमनदादांच्या ५० वर माझा आक्षेप नाही. १५ लिटरची टाकी रोज रिकामी होते, इथल्या टाक्या दोनशे-तीनशे लिटरच्या.)

पन्नासच का, याचा शोध घेतला तर १९४७ चं मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या दोघांचं काम सापडतं. किती तापमानाला किती वेळात कातडी जाते ते त्यांनी मोजलं. प्रौढ माणसाची कातडी ६० अंशांना पाचेक सेकंदांत खोल भाजते, ५५ ला अर्ध्या मिनिटात, ५० ला जवळजवळ पाच मिनिटं लागतात. मुलांची कातडी पातळ, त्यांना याहून बराच कमी वेळ पुरतो, ६० ला एखादा सेकंद. म्हणजे दहा अंशांच्या फरकात आपल्याला धावत यायला वेळ मिळतो की नाही ते ठरतं. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याने १९८३ मध्ये कायदाच केला की नवा हीटर ४९ अंशांवर लावूनच विकायचा. त्यानंतर तिथे नळाच्या पाण्याने पोळून दाखल होणारी मुलं कमी झाली.

मुंबईला घरी आलो की आईचा गीझर गुपचूप ५० वर आणतो. मी विमानात बसलो की ती परत ७५ करते.

---

आजी६८

@मेलबर्नकर, तुमच्या आईची बाजू घेते. पन्नासच्या पाण्याने माझे गुडघे शेकले जात नाहीत. घरात बाळ नसेल तेव्हा आमचं आम्हाला ठेवू द्या की.

---

मेलबर्नकर

काकू, तुमच्या वयाची कातडीही पातळच असते, म्हणून तर वृद्धाश्रमांत ४५. पण हे मी आईला सांगितलं तेव्हा तिने फोन ठेवला, म्हणून इथे जपून लिहितोय.

---

हापूस_की_पायरी

दिवाळीचं कुणीच कसं लिहिलं नाही? नरक चतुर्दशीला पहाटे चारला आमच्या कोकणातल्या घरी मागच्या पडवीत चुलीवर मोठा हंडा. सगळे चुलतभावंड मिळून अकरा पोरं, अंगाला तेल चोपडलेलं, दिवे दोनच. काका दोन्ही कानांना फडकी धरून हंडा उचलून आणणार आणि ओरडणार, 'सरका, सरका!' अंधारात तेलकट पाय आणि शेणाने सारवलेली ओली जमीन. आता आठवलं की वाटतं, ज्या वर्षी काही झालं नाही ती सगळी वर्षं नशिबाची.

गेली काही वर्षं वहिनीने नियम केलाय. हंडा हलवायचा नाही. चुलीवरून तांब्याने काढून एकाच मोठ्या टपात, आणि टपात आधी गार. पोरं माजघरात, नाव पुकारलं की एकेकानेच यायचं. काकांची 'सरका, सरका' आरोळी गेली, त्याची त्यांना अजून रुखरुख आहे. आता ते फटाक्यांना ओरडतात.

---

पंचगंगा

वहिनींना दंडवत. मी आज आमच्या बंबापुढे प्रयोग केला. घंगाळात आधी निम्मं गार, मग बंबाची तोटी. बाबा म्हणाले, हे काय नवीन. म्हटलं, विसण आधी घातलं. म्हणाले, 'कढताशिवाय विसण कसलं? ते नुसतं पाणी.' भाषेपुढे माणूस हरतो तो असा.

---

रोखठोक_पुणेकर

शब्दच्छल म्हणालो ते मागे घेतो. काल आमच्या मोलकरणीला बघितलं. नातवाची बादली भरताना आधी कढत, बादली न्हाणीच्या मधोमध, आणि ती गार पाण्यासाठी ड्रम उघडायला गेली. नातू तिथेच. तिला तसं कोणी शिकवलं? आम्हीच.

न्हाणीच्या दाराला बाहेरून वरच्या उंचीवर कडी आजच बसवून घेतली. आतली खालची कडी काढून टाकली, नाहीतर पोरगं आत कोंडून घेईल ही सौ.ची सूचना.

---

नवाकोरा_बाबा

अपडेट : मावशींना 'डॉक्टरांनी सांगितलंय' म्हटलं. त्या म्हणाल्या, 'मला पण माझ्या सुनेच्या डॉक्टरने हेच सांगितलं, पण लोकांना कढतच लागतं. गार लावलं तर म्हणतात मावशी अंगचोर आहे.' म्हणजे इतके दिवस त्या आमच्या भीतीने ऊन पाणी घालत होत्या आणि आम्ही त्यांच्या भीतीने गप्प होतो. पोरगी आज आंघोळीत रडली नाही. मावशीच म्हणाल्या, 'बघा, फुफ्फुसं काही बिघडली नाहीत.'

---

तिखटमीठ

सगळ्यांचे आभार. आमच्याकडे आता काय चाललंय ते लिहिते.

गीझर ५० वर. त्यामुळे हिशोब सोपा झाला, निम्मं गार निम्मं कढत. बादलीला आतून निम्म्यावर नेलपेंटची लाल रेघ मारलीये. रेघेपर्यंत गार भरल्याशिवाय गीझरच्या नळाला हात लावायचा नाही. गार नळाची धार बारीक आहे, म्हणून रात्रीच बादली रेघेपर्यंत भरून वर झाकण टाकून बाहेर कडी. टॉवेल, साबण, झबलं, सगळं दाराच्या हुकाला पिशवीत. बेल वाजली, फोन वाजला, दूध उतू गेलं, तरी लेक आधी काखेत आणि मग बाकीचं. दोन वेळा दूध उतू गेलं आहे.

लेक पंधरा दिवस न्हाणीचं दार दिसलं की मागे सरायचा. बाल्कनीत टप ठेवून, त्याला आधी कोरड्या टपात बसवून, मग तांब्या तांब्याने पाणी, असं करत परवापासून आत यायला लागलाय. तांब्या मात्र प्लास्टिकचा आणलाय. पाण्यात पडला तर तरंगतो.

---

उन्हाची_तिरीप

रेघेची कल्पना उचलली. नेलपेंट टिकते का हो पाण्यात? आणि सासूबाई पटल्या का शेवटी?

---

तिखटमीठ

पंधरा दिवसांत निघते, पुन्हा मारावी लागते. पटल्या असं त्या म्हणाल्या नाहीत. पण या वेळची रेघ माझ्या आधी त्यांनीच मारून ठेवली होती, माझी लग्नातली महागाची मरून वापरून. आणि माझ्या रेघेपेक्षा दोन बोटं वर.